ठेवायची बाटली वेगळी, भरायची वेगळी: व्हेप लिक्विडच्या प्लास्टिक बाटल्यांचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, हे सगळं इंग्लंडमधलं आहे. मी इकडे मिडलंड्समध्ये राहतो, सिगारेट सुटावी म्हणून व्हेपवर, म्हणजे लिक्विड तापवून वाफ ओढायच्या ई-सिगारेटवर आलो, आणि इथे ते दुकानात उघड मिळतं. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं सगळंच बंद आहे, विकताना पहिल्यांदा सापडलं तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, त्यामुळे पुण्या-मुंबईतून कोणी "दादा ही बाटली इकडे कुठे मिळेल" असं विचारणार असेल तर बाटली मिळेल रे, रिकाम्या प्लास्टिकवर बंदी नाही, पण त्यात भरायचं ते मिळवायच्या फंदात पडू नकोस. आणि जे ओढतच नाहीत त्यांनी हे वाचून काही सुरू करायची गरज नाही. निकोटीनची सवय लागते ती लागतेच, मग ते धुरातून येवो की वाफेतून.

तर आता बाटल्या. रिकाम्या बाटल्यांचा काय रिव्ह्यू लिहायचा असं घरी पण ऐकून झालंय, पण गेल्या काही महिन्यांत आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं की लिक्विडला कुठली बाटली घ्यायची. त्याला कारण आहे. १ जून २०२५ पासून इथे वापरून फेकायचे डिस्पोजेबल व्हेप विकायला बंदी आली, मग जे लोक ते रंगीत कांड्यांसारखे प्रकार ओढायचे ते सगळे परत भरता येणाऱ्या पॉडवर (व्हेपमधली लिक्विड भरायची छोटी डबी) आले आणि त्यांना पहिल्यांदाच कळलं की लिक्विड नावाची वस्तू असते आणि ती हाताला लागते, खिशात सांडते आणि टेबलावर डाग पाडते. वर १ ऑक्टोबर २०२६ पासून लिक्विडवर १० मिलीला २ पाउंड २० पेन्स ड्यूटी लावायचं सरकारने ठरवलंय, निकोटीन असो वा नसो, त्यावर परत व्हॅट. म्हणजे ६० मिली लिक्विड घेतलं तर नुसती ड्यूटीच १३ पाउंड २० पेन्स. आता एवढं ऐकल्यावर लोक साठा करणारच, आणि साठा करायचा तर कशात हा प्रश्न येतोच.

बरं, इथे अजून एक गंमत आहे ती नवीन लोकांना माहीत नसते. इथल्या २०१६ च्या नियमांप्रमाणे निकोटीन असलेलं लिक्विड १० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत विकताच येत नाही, आणि त्यात निकोटीन मिलीला २० मिलिग्रॅमच्या वर नको. मग दुकानदारांनी पळवाट काढली, ६० मिलीच्या बाटलीत ५० मिली बिननिकोटीनचं लिक्विड भरून विकायचं, त्याला शॉर्टफिल म्हणतात, आणि सोबत १० मिलीचा निकोटीन शॉट, म्हणजे निकोटीनवाल्या लिक्विडची छोटी बाटली द्यायची, तो शॉट आपण घरी ओतून हलवायचा. मिलीला १८ मिलिग्रॅमचा एक शॉट म्हणजे १८० मिलिग्रॅम, भागिले ६०, म्हणजे मिलीला ३ आलं. १२० च्या बाटलीत १०० लिक्विड असेल तर दोन शॉट, हिशोब तोच. तर अशा रीतीने ज्याच्या त्याच्या घरी छोट्या-मोठ्या बाटल्या जमा होतात, कोणी लिटरच्या कॅनमधून व्हीजी (ग्लिसरीन, घट्ट) आणि पीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल, पातळ), ज्यांचं लिक्विड बनतं, ते आणून स्वतः मिसळतो त्याला तर डझनाने लागतात.

मी आतापर्यंत वापरलेल्यांत चार प्रकार आहेत. मऊ पांढरट १० मिलीच्या, थोड्या मोठ्या ३० मिलीच्या, त्या लांबुडक्या पारदर्शक पेनसारख्या ६० आणि १२० च्या, आणि सुईच्या टोकाच्या. काचेची ड्रॉपरवाली पण आहे घरात एक, पण तिच्याबद्दल शेवटी बोलू कारण ती पिळायची नाहीच.

मूळ मुद्दा सांगतो मग बाकीचं. लोक एकच बाटली शोधत असतात जिच्यात लिक्विड महिनोन्महिने चांगलं पण राहील आणि जी दाबली की पॉडमध्ये नीट थेंब थेंब पण पडेल, खिशात पण बसेल आणि गळणार पण नाही. अशी बाटली नाहीये. मला तरी मिळाली नाही आणि प्लास्टिकचा स्वभाव बघितला तर मिळणार पण नाही, कारण जे प्लास्टिक दाबायला मऊ असतं तेच हवा आणि वास आत-बाहेर सोडतं, आणि जे हवा अडवतं ते दाबायला कडक. म्हणून ठेवायची वेगळी, भरायची वेगळी. एकदा हे मान्य केलं की खरेदी सोपी होते आणि पैसे पण कमी जातात.

बाटलीच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो तो बघायची सवय लावून घ्या. १ म्हणजे पेट, पाण्याच्या बाटलीचं असतं ते. २ म्हणजे एचडीपीई, थोडं कडक, दुधाळ. ४ म्हणजे एलडीपीई, मऊ, दाबलं की आत जातं आणि सोडलं की लगेच फुगून जागेवर येतं. ५ म्हणजे पीपी, हे जास्त करून झाकणाला दिसतं. ६ दिसला तर घेऊ नका, ते पॉलिस्टायरीन, कडक आणि ठिसूळ, आणि काही फ्लेवर असल्या कडक प्लास्टिकला चिरा पाडतात, लिंबू-संत्र्याचे आणि दालचिनीचे खास करून. जुन्या व्हेपच्या प्लास्टिक टँकवाल्यांना (टँक म्हणजे पॉडसारखीच लिक्विड भरायची टाकी) हे चांगलं ठाऊक आहे, त्यांच्या टँकला दालचिनीच्या फ्लेवरने तडे गेल्याच्या गोष्टी कितीतरी. ज्या ऑनलाइन जाहिरातीत नुसतं "उत्तम दर्जाचं प्लास्टिक" लिहिलंय आणि कुठलं ते लिहिलंच नाही ती पुढे सरकवा, मी सरकवतो.

आता एकेक.

१० मिलीची मऊ एलडीपीई. ही सगळ्यात स्वस्त, पाकिटात पाच किंवा दहा येतात, एक बाटली तीसेक पेन्सला पडते, आणि रोजच्या वापराला हिच्यासारखी दुसरी नाही हे माझं स्पष्ट मत. दोन बोटांत धरली की अंगठ्याने किती दाबायचं ते हाताला लगेच कळतं, थेंब हवा तर थेंब, धार हवी तर धार. शर्टाच्या खिशात बसते. पडली तर फुटत नाही. पॉडमध्ये दिवसभरात जेवढं लागतं तेवढं आरामात मावतं. पण हिच्यात ठेवायचं नाही हो! पॉलिथिलीन पेटच्या तुलनेत ऑक्सिजन कित्येक पटींनी जास्त आत सोडतं, आणि निकोटीनला हवा, ऊन आणि उष्णता तिन्ही सोसत नाहीत, लिक्विड हळूहळू पिवळं, मग तपकिरी होत जातं, चव पण बदलते. शिवाय फ्लेवर प्लास्टिकमध्ये मुरतो. संत्र्याच्या सालीतलं जे तेल असतं, लिमोनीन, ते पॉलिथिलीन अक्षरशः पिऊन घेतं, फळांच्या रसाच्या पॅकिंगवाल्यांना हा जुनाच त्रास आहे. मेंथॉलचं पण तसंच, ड्रॉवर उघडला की बाटली बंद असून वास येतो म्हणजे तो कुठून तरी बाहेर पडतोयच ना. एकदा ज्या मऊ बाटलीत पुदिना भरला तिच्यात दुसरं काही भरायच्या भानगडीत पडू नका, कितीही धुवा, पुढचं आंब्याचं लिक्विड पण पुदिन्याचंच लागतं. मी पुदिन्यासाठी वेगळी बाटली ठेवली आहे आणि तिच्या झाकणावर हिरव्या मार्करने टिपका मारलाय. पंधरा दिवसांत संपेल एवढंच भरा, मग हिला नावं ठेवायला जागा नाही. दहापैकी साडेआठ.

३० मिलीची तशीच मऊ. ही का बनवतात मला कळत नाही. खिशाला मोठी, साठ्याला छोटी, आणि मऊ असल्यामुळे साठा करून उपयोग पण नाही. नवीन फ्लेवर मिसळून बघायचा असेल तर एकवेळ ठीक. पुढे.

६० मिलीची लांबुडकी पारदर्शक. दुकानात शॉर्टफिल येतं ते हिच्यातच, आणि चबी गोरिला नावाची अमेरिकन कंपनी या आकारासाठी इतकी प्रसिद्ध झाली की आता लोक कुठल्याही कंपनीची असली तरी गोरिलाच म्हणतात. ही पेटची. काचेसारखी आरपार दिसते, रंग बदलला तर लगेच कळतं, आकाराने लांब आणि अरुंद असल्यामुळे पेट असूनही दाबली जाते, पण ते दाबणं एलडीपीईसारखं नाही. कुरकुर आवाज करत आत जाते आणि परत फुगायला वेळ घेते, आणि फुगताना नोजलमधून, म्हणजे तोंडावरच्या टोकातून, हवा आत ओढते त्या वेळेला नोजल जर पॉडच्या भोकात असेल तर भरलेलं थोडं परत बाटलीत जातं. म्हणून दाब सोडायच्या आधी नोजल बाहेर काढायचं, एवढं लक्षात ठेवलं की झालं. साठ्याला ही उत्तम. अंधाऱ्या कपाटात उभी ठेवा, गळ्यापर्यंत भरा म्हणजे आत हवा कमी राहील, सहा-आठ महिने मला तरी काही फरक जाणवलेला नाही. गळ्यापर्यंत म्हटलं तरी मिसळताना थोडी जागा सोडावी लागते नाहीतर हलवता येत नाही, तेव्हा आधी मिसळून घ्यायचं आणि मग साठ्याच्या बाटलीत काठोकाठ ओतायचं.

हिची खरी परीक्षा नोजल काढताना होते. नोजल गळ्यात दाबून बसवलेलं असतं, शॉट ओतायला ते काढावं लागतं, आणि नखाने ओरबाडून काढायला गेलं की एकदम टक् करून उडतं आणि वरचा थेंब चष्म्यावर. योग्य पद्धत म्हणजे नोजल बाजूने दाबून तिरकं करायचं, एका बाजूने सुटलं की मग सावकाश उचलायचं, आणि हे करताना बाटलीला दुसऱ्या हाताने घट्ट आवळायचं नाही, फक्त मान धरायची. चांगल्या बाटलीचं नोजल दहा वेळा काढून बसवलं तरी तसंच घट्ट राहतं. स्वस्तातल्याचं तीन-चार वेळातच सैल पडतं आणि मग उलटी करून दाबली की नोजलसकट सगळं पॉडवर. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून वीस बाटल्यांचा गठ्ठा मागवला होता, फोटोत अगदी छान दिसत होत्या, प्रत्यक्षात अर्ध्यांची नोजल अशी सैल की बोटाने फिरत होती. तक्रार केली तर उत्तर आलं की फोटो काढून पाठवा. आता सैलपणाचा फोटो कसा काढायचा? व्हिडिओ पाठवला तेव्हा पैसे परत आले, तेवढं बरं केलं त्यांनी. तेव्हापासून मी नवीन ठिकाणाहून घेतो तेव्हा आधी दोन-पाचच घेतो, पाणी भरून उलटी करून रात्रभर पेपर नॅपकिनवर ठेवतो, सकाळी नॅपकिन कोरडा असेल तरच मोठी ऑर्डर. ६० ला साठ्यासाठी नऊ, रोज भरायला सहा.

१२० ची म्हणजे ६० चीच थोरली बहीण. बाकी सगळं तेच, फक्त एका हाताने दाबायला अवघड आणि भरलेली असताना वजनाने हात हलतो. व्हीजी पाण्यापेक्षा जड असतं, मिलीला सव्वा ग्रॅमच्या किंचित वर, त्यामुळे हातात घेतल्यावर वाटते त्यापेक्षा जड लागते. हिच्यातून थेट पॉड भरणारे लोक मी बघितलेत आणि त्यांचे टेबल पण बघितलेत. फक्त साठ्याला घ्या.

सुईच्या टोकाची. बोथट धातूची सुई असते, तिच्यावर छोटंसं टोपण. पॉडचं भोक अगदी बारीक असेल, किंवा बाजूने रबराचं बूच उघडून भरायचं असेल, तर हिच्याइतकं स्वच्छ काम कोणी करत नाही, एक थेंब पण बाहेर जात नाही. पण पातळ लिक्विडलाच. व्हीजी-पीजी पन्नास-पन्नास असेल तर ठीक, सत्तर टक्के व्हीजी असेल तर दाबून दाबून अंगठा दुखतो, आणि हिवाळ्यात तर व्हीजी काकवीसारखं होतं, सुईतून येतच नाही. (गारठलेली कुठलीही बाटली बंद झाकणासकट पाच मिनिटं कोमट पाण्यात उभी करायची, लगेच सैल होतं. कोमट म्हणतोय, उकळतं नाही, ते खाली सांगतो.) दुसरं म्हणजे ते टोपण हरवतं. सगळ्यांचं हरवतं. आणि मी पाहिलेल्या एकाही सुईच्या बाटलीला मुलांना उघडता येणार नाही असं झाकण नव्हतं, त्यामुळे निकोटीन असलेलं लिक्विड हिच्यात भरून ठेवणं मला पटत नाही. तेवढ्यापुरतं भरा, वापरा, रिकामी करा. घरात लहान मूल असेल तर घेऊच नका. पाच.

नोजलबद्दल थोडं जास्त लिहितो कारण सगळं तिथेच अडतं आणि विकणारे त्याबद्दलच काही लिहीत नाहीत. मिली लिहितात, रंग लिहितात, झाकण पाच रंगांत उपलब्ध लिहितात, नोजलचं भोक किती ते मात्र कुणी लिहीत नाही. युरोपात २०१६ च्या एप्रिलमध्ये याचा एक तांत्रिक नियम आला, त्यात हे फार नीट लिहिलंय. रिफिलच्या बाटलीचं नोजल किमान ९ मिलिमीटर लांब हवं, टँकच्या तोंडापेक्षा अरुंद आणि त्यात आरामात बसणारं हवं, आणि बाटली उभी उलटी धरली, दाबलीच नाही, तर २० अंश सेल्सियसच्या आसपास मिनिटाला २० थेंबांपेक्षा जास्त पडता कामा नयेत. किंवा मग टँकला जोडूनच उघडेल अशी व्यवस्था हवी. हे वाचल्यापासून मी रिकामी बाटली आणली की हीच परीक्षा घरी करतो, मोबाइलवर मिनिट लावायचं आणि सिंकवर उलटी धरायची. पाण्याने नाही हं, पाणी पातळ, ते पळतंच, साधं बिननिकोटीनचं लिक्विड घ्यायचं. चांगल्या बाटलीतून न दाबता एक-दोन थेंब येतात आणि थांबतात. एक स्वस्तातली होती तिच्यातून मिनिट व्हायच्या आत टपटप टपटप, मोजायचंच सोडून दिलं. ती आता शिलाई मशीनच्या तेलाला दिली, तिथे सुखात आहे.

नोजलचं टोक लांब आणि निमुळतं असेल तर चांगलं, पण टोक अगदी मऊ असेल तर पॉडच्या कडेला वाकतं आणि थेंब कडेवरून ओघळतो. टोक आणि गळा यांच्यामधला सांधा बघा. तिथे बारीकशी कडा राहिली असेल, साच्यातून निघताना राहते तशी, तर झाकण लावल्यावर पण तिथून पाझर येतो आणि झाकण आतून चिकट होतं.

झाकण. इथे मी कसलीही तडजोड करत नाही. दाबून फिरवायचं झाकण, मुलांपासून सुरक्षित म्हणतात ते, हवंच. पण त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा ते पण समजून घ्या. आयएसओ ८३१७ नावाच्या मानकात हे झाकण खऱ्या मुलांना देऊन तपासतात, साडेतीन ते सव्वाचार वर्षांची मुलं, आणि दहा मिनिटांत किमान ८० टक्के मुलांना उघडता आलं नाही तर झाकण पास. म्हणजे पाचातल्या एकाने उघडलं तरी पासच! आणि हे झाकण नीट बसलेलं असताना. अर्धवट फिरवून ठेवलेलं झाकण म्हणजे झाकण नाहीच, टक् टक् आवाज येऊन रिकामं फिरलं पाहिजे. २० मिलिग्रॅमची १० मिलीची बाटली म्हणजे २०० मिलिग्रॅम निकोटीन, लहान मुलाच्या पोटात त्यातलं थोडंसं गेलं तरी गंभीर. गोड वास, फळांचे रंग, लहान बाटली, मूल तोंडात घालणारच. वर कुलुपाच्या कपाटात ठेवा, पिणं झालंय असं नुसतं वाटलं तरी वाट न बघता इथल्या इमर्जन्सीच्या ९९९ नंबरला फोन. मिसळताना हातमोजे घाला, निकोटीन कातडीतून पण आत जातं, सांडलं तर लगेच साबणाने धुवा.

झाकणावर किंवा बाटलीवर बोटाला लागेल असा उठावाचा छोटा त्रिकोण असतो, तो नजर अधू असणाऱ्यांसाठी, आत धोकादायक काही आहे हे हाताला कळावं म्हणून. रिकाम्या बाटल्यांवर काहींना असतो काहींना नसतो, असलेली घ्या, किंमत तीच असते.

याच्यावरून आमच्या हिचं म्हणणं सांगतो. ती म्हणाली, "ह्या बाटल्या डोळ्याच्या औषधासारख्या दिसतात, कोणाच्या हातात पडली तर?" आणि बरोबर आहे तिचं, अर्धझोपेत रात्री कोणी डोळ्यात घातली तर काय होईल विचार करा. म्हणून आमच्याकडे १० मिलीच्या सगळ्या काळ्या झाकणाच्या, आणि औषधांच्या कपाटात त्यांना प्रवेश नाही. तसंच रिकामी झालेली लिक्विडची बाटली धुऊन चटणीला, तेलाला, कानात घालायच्या थेंबांना, कशालाच वापरायची नाही. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना ती लांबुडकी फार आवडली, "केसांच्या तेलाला बरी पडेल रे," म्हणाल्या, त्यांना नवीन कोरी दोन दिली. नवीन कोरीला काही हरकत नाही.

धुण्याचं. व्हीजी आणि पीजी दोन्ही पाण्यात विरघळतात त्यामुळे कोमट पाणी, थोडा भांड्यांचा साबण, हलवा, ओता, तीन-चार वेळा नुसतं पाणी, बस्स. पेटच्या बाटलीत उकळतं पाणी घालायचं नाही, सत्तर-ऐंशी अंशाला पेट मऊ पडतं आणि बाटली आक्रसून वाकडी होते, मग झाकण बसत नाही. डिशवॉशरमध्ये पण नको. सगळ्यात वेळ लागतो तो वाळायला, अरुंद मानेच्या बाटल्या आतून लवकर वाळतच नाहीत, नोजल वेगळं काढून उलट्या ठेवायच्या, दोन दिवस विसरून जायचं. आणि ज्या बाटलीत निकोटीनचा शॉट होता ती मी परत वापरतच नाही, तीस पेन्ससाठी कोण एवढी उठाठेव करतो.

भरायला नरसाळं घेऊ नका, घट्ट लिक्विड नरसाळ्याच्या बाजूला चिकटून अर्धं तिथेच राहतं. सिरिंज बरी, आणि त्याहून बरा म्हणजे स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा, म्हणजे तसलाच वेगळा आणून, जेवणाचा नाही. बाटलीवरच्या मिलीच्या उठावाच्या रेघांवर जाऊ नका, दोन कंपन्यांच्या दोन ६० च्या बाटल्या शेजारी ठेवल्या तर रेघा जुळत नाहीत. वजनाने मिसळलं की कटकट संपते.

प्रवास. विमान वर गेलं की केबिनमधला दाब कमी होतो, बाटलीतली हवा फुगते आणि लिक्विडला नोजलमधून बाहेर ढकलते, म्हणून अर्धी रिकामी बाटली सगळ्यात जास्त गळते. काठोकाठ भरा, किंवा मऊ बाटली असेल तर दाबून हवा काढून तशीच झाकण लावा, मग वर गेल्यावर तिला फुगायला जागा राहते. इथे एलडीपीई जिंकते, पेटला हे जमत नाही. वर झिपची पिशवी लावाच. स्पेन-पोर्तुगालला हे ठीक आहे, पण सिंगापूर, थायलंडला व्हेपवर बंदी आहे, आणि भारतात जाताना तर बॅगेत काहीच नको, बाटली पण नको, मशीन पण नको. दरवर्षी गणपतीच्या सुमारास कोणी ना कोणी विचारतं "एक बाटली नेली तर काय होतंय." कायद्यात आयात बंद म्हणजे बंद, कस्टम्सवाल्याला तुमचा एक पॉड आणि माझे शंभर पॉड यातला फरक समजावत उभं राहायची हौस असेल तर न्या.

काचेची ड्रॉपरवाली. साठ्याला काच सगळ्यात भारी, हवा नाही, वास नाही, गडद तपकिरी घेतली तर उजेड पण नाही. लिटरभर व्हीजी-पीजी आणून वर्षभराचं करणाऱ्यांनी सरळ काच घ्यावी. पण ड्रॉपरचं रबर लिक्विडमध्ये बुडालेलं ठेवू नका, साधं झाकण लावून ठेवा, रबर फुगतं आणि त्याची चव उतरते. आणि पडली की गेली, वर काचा आणि निकोटीन एकत्र पुसायचं.

ज्याला फक्त काय घ्यायचं एवढंच हवंय त्याच्यासाठी: एकट्याने वापरणाऱ्याला १० मिलीच्या मऊ पाच आणि ६० च्या पेटच्या चार वर्षभर पुरतात, दहा पाउंडच्या आत सगळं. वीस-पन्नासचे गठ्ठे स्वस्त दिसतात पण घरात पडून राहतात. विक्रेता निवडताना प्लास्टिकचा प्रकार, नोजलची लांबी आणि झाकण आयएसओ ८३१७ चं आहे का, हे तीन विचारा, ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका. आमच्या गावातल्या छोट्या व्हेपच्या दुकानात रिकाम्या बाटल्या ऑनलाइनपेक्षा महाग आहेत, पण काउंटरवर नोजल काढून बसवून बघू देतात, मी तिथूनच घेतो. आणि हो, लेबलं. कोऱ्या बाटलीवर भरल्या भरल्या तारीख, फ्लेवर आणि निकोटीन किती ते लिहा, साध्या कागदी स्टिकरवर नको, त्याच्यावर लिक्विड सांडलं की शाई पसरते, आधी मार्करने लिहायचं आणि वरून पारदर्शक सेलोटेप, एक पूर्ण वेढा.